शहाण्णव मिलिमीटर

परतूरला रेल्वे लाइनीच्या अलीकडे राधेश्याम शेठचं पेरणी यंत्रांचं वर्कशॉप आहे. तिथं रामप्रसाद एकोणीस वर्षं ड्राइंग काढत होता. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं नऊ फणांचं यंत्र, फण चौकटीच्या पाइपला आवळून धरणारे त्याचे क्लॅम्प, बियाण्याची पेटी, खाली दाणा सोडणाऱ्या चकत्या, साखळीची चाकं, अशा प्रत्येक सुट्या भागाचं ड्राइंग त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. एकूण अकराशे चाळीस. शॉपमध्ये त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे ‘ड्राइंगवाले’ म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. फिटर कडूबा सकाळी त्याच्या टेबलापाशी यायचा, कागद घ्यायचा, त्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा आणि खाली जाऊन तसाच्या तसा लोखंडात उतरवायचा. एवढंच काम होतं आणि ते बराबर चालत होतं.

फेब्रुवारीत शेजारच्या एका कारखान्याला नोटीस आली. चोरीचं सॉफ्टवेअर वापरता, इतक्या दिवसांत उत्तर द्या, नाहीतर कोर्टात या. ही बातमी दुपारच्या चहापर्यंत राधेश्यामच्या कानावर आली. राधेश्याम अडतीस वर्षांचा, सरळ माणूस. वडील गेल्यावर वर्कशॉप त्याच्याकडे आलं होतं आणि कागदोपत्री काही वाकडं राहू नये असं त्याला मनापासून वाटायचं. दुसऱ्याच दिवशी त्यानं स्टेशन रोडवरच्या रिजवानला बोलावलं. रिजवानचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो रामप्रसादच्याच वयाचा होता.

“चारही मशीन साफ करून टाका,” शेठ म्हणाला. “विंडोज चोरीचं आहे आपलं. ते फुकटचं म्हणतात ना, लिनक्स, ते टाका.”

रामप्रसाद खुर्चीतून उठला. “शेठ, माझं ड्राइंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत न्हाई. ते फक्त विंडोजचं आहे.”

“ते तरी आपण कुठून आणलं होतं?”

 तेही कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलं होतं.

“मंग ते बी नको. रिजवानभाई म्हणून राह्यले, ड्राइंगचं बी फुकटचं येतं. चोरीचं न्हाई.”

“शेठ, एकोणीस वर्षं हात बसलाय माझा ह्याच्यावर.”

“हात परत बसतो, रामप्रसादजी.”

संध्याकाळपर्यंत चारही मशीन बदलली. जुनी ड्राइंगं रिजवाननं एका डब्बीत, म्हणजे बाहेरून जोडायच्या डिस्कमध्ये, काढून ठेवली होती.

रामप्रसादनं नव्या फुकटच्या प्रोग्रामवर चार दिवस घालवले. त्याचा डावा हात आपोआप दोन-दोन अक्षरं दाबायचा, एकोणीस वर्षं दाबत आला होता तशी, आणि समोर वेगळंच काहीतरी व्हायचं. एक साधी चकती काढायला त्याला सकाळ पुरली नाही. पण खरी अडचण पुढं होती. नवा प्रोग्राम जुन्या फाइली उघडतच नव्हता. अकराशे चाळीस ड्राइंगं डब्बीत होती आणि वाचता येत नव्हती. कडूबा दोनदा कागद मागायला आला आणि दोनदा तसाच खाली गेला.

पाचव्या दिवशी रामप्रसादला कपाट आठवलं. वर्कशॉपच्या ऑफिसात मागच्या भिंतीला बड्या शेठचं, म्हणजे राधेश्यामच्या वडलांचं, लोखंडी कपाट होतं. त्यात जुने कॅटलॉग, प्रदर्शनातली प्रशस्तिपत्रं असलं काहीबाही असायचं. रामप्रसादनं खालचा कप्पा रिकामा केला तेव्हा तो खोका हाताला लागला. ड्राइंगच्या त्याच सॉफ्टवेअरचा, फार जुन्या आवृत्तीचा. बड्या शेठनं पुण्याहून आणलेला. आत सीडी, नंबराची चिठ्ठी, आणि त्यांच्या सहीचं बिल. रामप्रसाद कामावर लागला त्याच वर्षीचं. पुढं नवीन आवृत्ती फुकटात मिळाली तेव्हा खोका कोणीतरी कपाटात टाकला असणार.

तो खोका घेऊन रामप्रसाद शेठसमोर उभा राहिला. “शेठ, हे चोरीचं न्हाई.”

राधेश्यामनं बिल हातात घेतलं. वडलांची सही बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “लिनक्सवर चालत असंल तर चालवा. पण विंडोज परत येणार न्हाई.”

रिजवान म्हणाला, बघू. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचा एक प्रोग्राम असतो, त्याचं नाव वाईन.

“काय नाव?”

“वाईन.”

“दारू?”

“नाव आहे फक्त, रामप्रसादभाऊ. बिलकुल पवित्र चीज आहे.” आणि दोघं हसले. त्या सगळ्या महिन्यांत रामप्रसाद हसलेला कडूबानं तेवढाच पाहिला.

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर अर्ध्यावर येऊन थांबलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण चढलं पण उघडल्यावर सगळी अक्षरं चौकोन होऊन आली. तिसऱ्या दिवशी रिजवान आपल्या दुकानातून काही फाइली घेऊन आला, खिडकीजवळच्या मशीनवर बसला, आणि दुपारी अडीचच्या सुमारास काळा पडदा उघडला. रामप्रसादला तो पडदा ओळखीचा होता. त्यानं जुनं एक ड्राइंग उघडलं; फाइली तो पहिल्यापासून या जुन्या आवृत्तीलाही वाचता येतील अशाच ठेवत आला होता. साखळीचं चाक, दातांसकट, पडद्यावर आलं. त्याच्या डाव्या हातानं दोन अक्षरं दाबली आणि वर्तुळ निघालं.

“झालं,” तो म्हणाला. खुर्चीला टेकून बसला.

पण पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट आली. हे सॉफ्टवेअर तुमच्या नावावर चालू करून घ्या, तीस दिवस बाकी आहेत.

खोक्यातल्या नंबरावरून कंपनी एक दुसरा नंबर देते, तो टाकला की कायमचं चालू होतं, असं रिजवाननं सांगितलं. खोक्यावरचा फोन लागला नाही. इंटरनेटवरून तो नंबर मिळेना. मग रिजवाननं ईमेल लिहिला. आठ दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. ही आवृत्ती बंद झाली आहे, तिचे नंबर आता देता येत नाहीत, कृपया नवी आवृत्ती घ्यावी. नवी आवृत्ती विंडोजवरच चालत होती आणि दरसाल भाडं मागत होती. शेठनं ते ऐकून नकारार्थी मान हलवली.

“नंबर काढून देणारे प्रोग्राम नेटवर भेटतात,” रिजवान हळूच म्हणाला. “दहा मिनिटांचं काम आहे. पण मंग ते चोरीचंच झालं. तुम्ही सांगा.”

रामप्रसादनं बड्या शेठच्या सहीकडं बघितलं. “नको.”

“मंग एकच करा. बावीस दिवस राह्यलेत तुमच्याकडं. ह्याच्यातून एक-एक ड्राइंग उघडा आणि दुसऱ्या फॉरमॅटमध्ये जपून ठेवा. तो फॉरमॅट फुकटचा प्रोग्राम वाचतो. सगळी ड्राइंगं तिकडं गेली की ह्याचं काय व्हायचं ते होऊ द्या.”

बावीस दिवसांत अकराशे चाळीस. दिवसाला बावन्न. रामप्रसादनं वहीत ड्राइंगमागं एक अशा रेघा मारून घेतल्या.

सॉफ्टवेअर चालत होतं, पण दमलेल्या बैलासारखं. फाइल उघडली की पडदा पांढरा व्हायचा आणि चार-पाच मिनिटं तसाच राहायचा. दहा-बारा फाइलींनंतर आपोआप बंद पडायचं. मग मशीन बंद करायची, परत लावायची, परत त्या छोट्या चौकटीत बाकीचे दिवस वाचायचे. रामप्रसाद सकाळी सातला यायचा आणि वॉचमन कुलूप लावायला आला की निघायचा. रविवारीही यायचा. डबा पडद्यासमोरच खायचा.

मधेच त्याच्या बहिणीच्या, मीनाच्या, मुलीचं लग्न होतं. केदारखेड्याला. सख्खा मामा तो एकटाच. नवरीला बोहल्यावर आणायचा मान त्याचा. बायकोनं, दैवशालानं, आठ दिवस आधीच त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी वहीत तीनशे दहा रेघा उरल्या होत्या.

“मी न्हाई येऊ शकत,” तो म्हणाला.

दैवशालाला आधी कळलंच नाही. “म्हंजे?”

“एक दिवस गेला तर बावन्न मागं राहतात. जाऊन येऊन दोन दिवस. शंभर.”

“काय शंभर?”

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “मीनाताईला मी काय सांगू? कॉम्प्युटरमुळं मामा आला न्हाई म्हणून?”

ती एकटी गेली. नवरीला चुलत मामानं आणलं. मीनानं त्यानंतर रामप्रसादला फोन केला नाही, आणि त्यानंही केला नाही.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी शेवटची रेघ खोडली गेली. रामप्रसादनं रिजवानला फोन करून सांगितलं. तिसाव्या दिवशी त्यानं मधूनमधून तीसेक ड्राइंगं निवडून नव्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिली. सगळी बरोबर होती. रेघ न् रेघ जागेवर होती. एकतिसाव्या दिवशी सॉफ्टवेअरनं मुदत संपली असं लिहिलेली चौकट दाखवली आणि पुढं गेलंच नाही. त्याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. काम झालं होतं.

राधेश्याम शेठनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

मे महिन्यात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून मिळून साठ यंत्रांची ऑर्डर आली. पेरणीच्या आधी द्यायची होती. शॉपमध्ये एवढं काम उरकणं शक्य नव्हतं, म्हणून फणाच्या क्लॅम्पच्या पट्ट्या जालन्याच्या एका जॉबवर्कवाल्याकडं पाठवल्या. यंत्राला नऊ क्लॅम्प. साठ यंत्रांचे पाचशे चाळीस. रामप्रसादनं नव्या प्रोग्राममधून क्लॅम्पचं ड्राइंग छापून दिलं. छापताना शिक्का मारला, सही केली.

बारा दिवसांनी माल आला. कडूबानं पहिला क्लॅम्प उचलला, चौकोनी पाइपवर ठेवला, बोल्ट घातला. बोल्ट दुसऱ्या भोकात शिरेना. त्यानं दुसरा घेतला. मग तिसरा. मग तो क्लॅम्प हातात घेऊन वर आला.

“ड्राइंगवाले, हे बसून न्हाई राह्यलं.”

रामप्रसादनं माप घ्यायचा व्हर्नियर लावला. दोन भोकांमधलं अंतर नव्वद मिलिमीटर. ड्राइंग काढून पाहिलं. नव्वदच.

“जॉबवर्कवाल्यानं बराबर केलंय,” कडूबा म्हणाला. “पण आपलं तर शहाण्णव आहे. मी सहा वर्षं शहाण्णव मारून राह्यलो. कागदावर शहाण्णवच असायचं.”

रामप्रसादनं व्हर्नियर टेबलावर ठेवला.

सहा वर्षांपूर्वी यंत्राच्या चौकटीचा पाइप बदलला होता. जाड पाइप आला, म्हणून क्लॅम्पची भोकं एकमेकांपासून सहा मिलिमीटरनं दूर न्यायची होती. बडे शेठ दारात उभे होते, जल्दी करा म्हणत होते, टेम्पो निघायचा होता. खरं तर ड्राइंगमधली भोकं सरकवायला हवी होती, त्यासोबत बाकीच्या चार गोष्टीही. रामप्रसादनं तसं केलं नाही. नव्वद हा आकडा निवडला आणि त्या जागी हातानं शहाण्णव टाइप केलं. चित्र जुनंच राहिलं, वर आकडा नवा. कडूबा आकडा वाचून काम करायचा, चित्र मोजून नाही. कोणाचं काही अडलं नाही. पुढं कधीतरी नीट करू असं त्यानं तेव्हा ठरवलं होतं.

फॉरमॅट बदलताना हातानं टाइप केलेले आकडे गळून पडले. नव्या प्रोग्रामनं प्रत्येक अंतर स्वतः मोजलं आणि जे खरंच काढलेलं होतं तेच लिहिलं. नव्वद.

त्यानं हे कोणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. प्रोग्राममध्ये बिघाड झाला एवढं म्हटलं असतं तर शेठनं मानलं असतं. रिजवाननं तर फोनवर आपणहून म्हटलंही, “फॉरमॅटची गडबड आहे, तुमचा काय दोष.” पण कडूबा तिथंच उभा होता, हातात क्लॅम्प घेऊन, आणि रामप्रसादला खोटं बोलता आलं नाही. तो शेठच्या केबिनमध्ये गेला आणि जसं घडलं तसं सांगितलं.

राधेश्यामनं शेवटपर्यंत ऐकलं. “म्हणजे कागदावर एक आणि चित्रात एक?”

“हो.”

“सहा वर्षं?”

“हो.”

“असं अजून किती ड्राइंगमध्ये आहे?”

 घाईत केलेले असे बदल किती असतील? चकतीचा एक आठवला. पेटीच्या झाकणाचा एक. साखळीच्या चाकाचे दोन की तीन. एकोणीस वर्षांत किती वेळा दारात कोणीतरी उभं राहून जल्दी म्हणालं होतं? जुनं सॉफ्टवेअर उघडलं असतं तर तपासता आलं असतं. ते आता उघडत नव्हतं, आणि जुने छापील कागद काम झालं की फेकले जायचे.

“मला आठवत न्हाई, शेठ.”

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं रामप्रसादला नंतर पुष्कळदा वाटलं. त्यानं रामप्रसादनं आणलेला क्लॅम्प हातात घेऊन परत टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “मंग ह्या अकराशे चाळिसांपैकी कोणत्याच ड्राइंगवर आता काम करता येत न्हाई. बरोबर ना?”

“बरोबर.”

कडूबानं पट्ट्यांना नवी भोकं मारून पाहिली. जुनं आणि नवं भोक एकमेकांत मिसळून लांबट होत होतं, बोल्ट हलत होता. पाचशे चाळीस पट्ट्या भंगारच्या ढिगावर गेल्या. साठ यंत्रांपैकी एकवीस वेळेवर गेली. बाकीची ऑर्डर दुसऱ्यांकडं गेली, आणि धावड्याचं एक गिऱ्हाईक, बड्या शेठच्या वेळेपासूनचं, शॉपच्या दारात येऊन रामप्रसादकडं बघत एवढंच म्हणालं, “तुमच्याकडं असं कधी झालं नव्हतं.”

जूनमध्ये शेठनं जालन्याहून एक मुलगी आणली. आकांक्षा. डिप्लोमा झालेली, चोवीस वर्षांची, वडील पोस्टात. तिला लिनक्स नवीन नव्हतं, कॉलेजात त्याच्यावरच शिकली होती. फुकटच्या प्रोग्राममध्ये तिचा हात असा चालायचा की रामप्रसाद बघत राहायचा. शेठनं ठरवलं होतं, तयार यंत्र सुटं करायचं, प्रत्येक भाग नव्यानं मोजायचा आणि ड्राइंग पहिल्यापासून काढायचं. रामप्रसादनं मोजायचं, आकांक्षानं काढायचं.

त्याच खिडकीपाशी दोघं बसायचे. रामप्रसाद व्हर्नियर लावायचा आणि आकडा सांगायचा. ती चित्र काढायची. मुलगी चांगली होती. काका म्हणायची, डब्यातली भाजी पुढं करायची, त्याला कधी हसली नाही. जिथं फॉरमॅट बदललेल्या ड्राइंगचा कागद आणि हातातलं लोखंड जुळत नसे तिथं ती थांबायची.

“काका, कागदावर चौदा आहे, पार्टवर सोळा. हे कधी बदललं?”

“आठवत न्हाई. सोळा घे.”

पहिल्या महिन्यात असे एकेचाळीस निघाले. पुढं असे किती निघाले ते त्यानं गणलं नाही.

याच दिवसांत तो दोनदा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन आला. एका ठिकाणी साहेबानं त्याला एक भाग काढायला दिला, त्यांच्या मशीनवर, विंडोजवर. रामप्रसादची बोटं धावली. वीस मिनिटांत काम झालं. साहेब खूष झाला आणि म्हणाला, छान, पण आम्ही आता हे फक्त जुनं बघायला ठेवलंय, सगळं काम थ्रीडीत चालतं, ते येतं का? दुसऱ्या ठिकाणी त्यांनी वय विचारलं आणि फोन करू म्हणाले.

घरी येऊन त्यानं दैवशालाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “शिकून घ्या मंग. ती पोरगी शिकवंल.”

“विचारलं मी तिला. तिनं दोन दिवस शिकवलं बी.”

“मंग?”

“सगळं समजतं. हात ऐकत न्हाई.”

दैवशालानं भाकरी तव्यावर टाकली.

ऑगस्टच्या शेवटी काम संपलं. शेवटचा भाग पेटीच्या झाकणाची बिजागरी. आकांक्षानं ड्राइंग पुरं केलं, छापलं आणि कागद त्याच्यापुढं ठेवला. खालच्या कोपऱ्यात चौकट होती. काढणार, आकांक्षा. तपासणार, आणि तिथं रामप्रसादचं पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट, व्यवस्थित.

“सगळ्यांवर टाकलंय, काका,” ती म्हणाली. “शेठला विचारलं मी. मोजलं तर तुम्हीच ना सगळं.”

रामप्रसादनं कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. 

“काढून टाक,” तो म्हणाला.

“काय काढू?”

“नाव. सगळ्यांवरून.”

“का पण?”

“तपासणं म्हंजे काय असतं ते मला म्हाईत आहे. मी फक्त आकडे वाचून दाखवले.”

 मान खाली घालून तिनं फाइल उघडली. सगळ्या ड्राइंगवरचं नाव एकदम काढता येत होतं, त्याला एक मिनिटही लागलं नाही. चौकट रिकामी राहिली.

“इथं कोणाचं तरी लागतं, काका. रिकामं बरं दिसत न्हाई.”

“शेठचं टाक.”

सोमवारपासून शेठनं त्याला गेटवर बसवलं. आत काय आलं, बाहेर काय गेलं, गाडीचा नंबर, वेळ. शेठनं अदबीनंच विचारलं होतं, चालंल का म्हणून, आणि रामप्रसाद हो म्हणाला होता. शॉपमधले लोक अजून ‘ड्राइंगवाले’ म्हणत. हाक मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात यायचं आणि ते दुसरीकडं बघायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कडूबा चालत गेटपर्यंत आला. हातात लोखंडाची पट्टी होती, खडूनं खूण केलेली. सवयीनं आला होता.

“चकतीच्या आसाला भोक किती धरू? अठरा की वीस?”

रामप्रसादला उत्तर माहीत होतं. वीस, आणि पाव मिलिमीटर ढिलं. त्याचं कारणही माहीत होतं, कापसाचं बी तासाला किती पडतं तिथपर्यंत.

“आकांक्षाला विचार,” तो म्हणाला.

 कडूबा पट्टी खांद्यावर टाकून आत गेला. बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. रामप्रसाद उठला आणि त्यानं गेट उघडलं.